सूर्यमित्र प्रशिक्षण: एका वीजतंत्र्याचा अभिप्राय

आयटीआयमधून वीजतंत्री झाल्यावर काही वर्षे घरगुती वायरिंगची कामे केली आणि मग सूर्यमित्र हे सौर तंत्रज्ञांसाठीचे 600 तासांचे निवासी प्रशिक्षण पूर्ण केले. केंद्र सरकारच्या या कार्यक्रमाला शुल्क नसते. राहण्या-जेवणाची सोय ठीक होती.

खरी कमाई झाली ती डीसी बाजूच्या, म्हणजे पॅनलमधून येणाऱ्या एकाच दिशेच्या प्रवाहाच्या, कामात. आठ पॅनल एकसरीत जोडल्यावर मल्टिमीटरने चारशेच्या आसपास व्होल्ट दाखवले, तेव्हा सरांनी बजावले की ऊन आहे तोवर पॅनलमधला विद्युतदाब (व्होल्टेज) नाहीसा होत नाही, आणि भार चालू असताना कनेक्टर ओढला तर ठिणगी सहजासहजी विझत नाही, कारण हा प्रवाह घरातल्या एसी (दिशा बदलणाऱ्या) विजेसारखा क्षणोक्षणी शून्यावर येत नाही. क्रिंप केलेली, म्हणजे धातूच्या टोकात दाबून बसवलेली, प्रत्येक तार ओढून पाहायची आणि कनेक्टर ‘टक्’ असा बसल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही सवय तिथेच लागली.

उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. आमच्या केंद्रात पूर्ण तुकडीसाठी एकच इन्व्हर्टर (डीसीचे एसीत रूपांतर करणारे यंत्र) असल्याने बिघाड शोधण्याचा सराव फारच अपुरा झाला, आणि पुढच्या वाटेबद्दल कोणी नीट बोलले नाही. हे प्रमाणपत्र म्हणजे वीजकामाचा परवाना नव्हे. त्यासाठी तारतंत्री (वायरमन) आणि अनुभवानंतर पर्यवेक्षक परवाना वेगळा काढावा लागतो. ज्याला पुढे स्वतःची कंत्राटे घ्यायची आहेत, त्याने ही चौकशी प्रवेशाच्या दिवशीच करावी.