साडेपाचशेचा जस्ताचा डबा आणि आमची वॅगन आर

ऑगस्ट २०२४ च्या पुरात बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं आणि २००९ ची वॅगन आर दीड दिवस पाण्यात उभी राहिली. इंजिन वाचलं. दिवाळीत मात्र दाराखालच्या पट्ट्यावर रंगाला फोड आले. स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर चहाच्या चोथ्यासारखा गंज हातात. एका गॅरेजवाल्याने त्याच्यावरच काळा रबर कोट फासून दिला. आत ओल कोंडली, पत्रा आणखीनच खाल्ला गेला. पैसे गेले ते गेलेच.

मग मकरपुऱ्याकडच्या एका हार्डवेअरवाल्याकडून झिंक स्प्रे (गंज रोखायला फवारायचा जस्ताचा रंग) आणला, साडेपाचशे रुपये. डबा हातात घेतला की वजनावरूनच कळतं, आत जस्ताची पूड आहे. सुकलेल्या थरात ९० टक्क्यांच्या वर जस्त, असं डब्यावर छापलंय. दुकानदार एवढंच म्हणाला, "पहेलां काट काढो, पछी मारजो." म्हणजे आधी गंज काढा, मग मारा.

उत्तरायणाला सगळं बडोदं गच्चीवर, आणि मी गाडीखाली. डावी बाजू मन लावून केली: ग्राइंडरला वायर ब्रश लावून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, थिनरने पुसला, डबा चांगला दोन मिनिटं हलवला (आतली गोळी खडखडली पाहिजे, नाहीतर जस्त तळाशीच राहतं) आणि दोन पातळ हात मारले. उजवीकडे येईपर्यंत कंबर गेली होती. तिथे जुन्या रेड ऑक्साइड प्राइमरवरच (रंगाखालचा तांबडा थर) फवारून मोकळा झालो.

एक पावसाळा गेला. डाव्या बाजूला मी मुद्दाम किल्लीने एक बारीक चरा पाडून ठेवला होता. त्यात थोडी पांढरी भुकटी दिसते, तांबडं काही नाही. उजवीकडे पुन्हा फोड. डबा तोच, हातही माझाच. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं म्हणून पत्रा वाचतो. पण त्यासाठी ते थेट पत्र्याला भिडायला हवं. मध्ये गंज किंवा प्राइमर आला की उरतो तो राखाडी रंग, साडेपाचशेचा.

तक्रारी आहेतच. करडा रंग अगदी मळकट दिसतो, वरून गाडीच्या रंगाचा हात द्यावाच लागतो. पट्ट्याच्या पोकळीत हा पोचत नाही. तिथे मी पाणी निघायची भोकं तारेने मोकळी केली, तर पुराचा गाळ अजून निघत होता! आणि जिथे पुढे वेल्डिंग करायचं असेल तिथे आधी मारू नका, जस्ताच्या धुराने ताप भरतो.

घासायची तयारी असेल तर डबा जरूर घ्या. माझा अर्धा शिल्लक होता, पण काम झाल्यावर डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचं राहिलं आणि नॉझल तुंबलं. म्हणजे उजव्या बाजूसाठी आता नवीन आणणं आलं.