टायपिंग-झेरॉक्सचं दुकान, सात रस्त्याच्या बाजूला : पाचपैकी चार तारे

आमच्या कॉलनीमागं नाल्याच्या कडेनं जेमतेम पाऊण किलोमीटरचा हिरवा पट्टा आहे. कडुलिंब, करंज आणि दोन जुन्या चिंचा. सोलापुरात एप्रिल काढलेल्याला सावलीची किंमत सांगायला नको. तिथं मंगल कार्यालय आणि पार्किंग करायचं घाटतंय. त्यासाठी विकास आराखड्यात फेरबदलाची नोटीस पेपरात आली. नगररचना कायद्याचं कलम ३७, हरकतींना एक महिना. आमच्या नजरेला पडली तेव्हा अकरा दिवस उरले होते.

मी जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळं अर्ज मीच लिहिला. चांगला दोन पानी. त्यात पहाटेचा भारद्वाज होता, नातवाची सायकल होती. दुकानातल्या मास्तरांनी (सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, शाळेशी काही संबंध नाही) चष्मा कपाळावर चढवून सगळा वाचला. म्हणाले, "बाई, लई भारी लिवलंय की. पण सर्व्हे नंबर कुठाय?"

मग नोटिशीचं कात्रण मागितलं, भाग नकाशा मागितला. पावसाळ्यात नाल्याचं पाणी कुठवर चढतं ते विचारलं. मी सांगितलं, मागच्या गल्लीत पायरीला लागतं. तेच त्यांनी पहिल्या मुद्द्यात घातलं : पार्किंगला काँक्रीट झालं की पाणी मुरणार कुठं? भारद्वाज उडाला. शेवटी ‘सुनावणीत म्हणणं मांडण्याची संधी मिळावी’ ही ओळ आली. एकूण एक पान.

"चिंचेचा घेर मोजलाय का?" हेही त्यांनीच विचारलं. घेरावरून झाडाच्या वयाचा अंदाज येतो. २०२१ पासून पन्नास वर्षांवरचं झाड कायद्यानं वारसा वृक्ष धरतात म्हणे, आणि तोडायची नोटीस लागली की हरकतीला सातच दिवस. घरी येऊन शिवणाची टेप लावली, ती अर्ध्यातच संपली. शेवटी सुतळी गुंडाळली, शेजारणीनं पलीकडून टोक धरलं आणि सुतळी मोजली : तीन मीटर दहा सेंटीमीटर. दुसऱ्या दिवशी तोही आकडा अर्जात गेला.

टायपिंग पानाला तीस रुपये, झेरॉक्स दोन. न विचारता त्यांनी दोन प्रती काढल्या. "एकीवर शिक्का मारून पोच घ्या, न्हाईतर अर्ज दिलाच न्हाई म्हणतेत." विजेच्या खांबाच्या एका अर्जाचं माझं तसंच झालं होतं, म्हणून पटलं.

तक्रार आहेच. दुपारी दोन ते चार कुलूप, आणि तशी पाटी कुठंच नाही. उन्हात दोनदा माघारी आले. शिवाय ‘हरित’ तीन ठिकाणी ‘हरीत’ छापलं. दाखवल्यावर मास्तर हसले, पण दुरुस्त केलं.

जाणार असाल तर दुपार टाळा, सुटे पैसे न्या आणि झाडाचा घेर आधीच मोजून न्या.