क्लबचं कपाट की वर्कशॉपची माडी? सेकंड इयरवाल्यांसाठी

मावसभाऊ यंदा सेकंड इयर कॉम्प्युटरला गेला आणि लगेच फोन, दादा कॉलेजच्या टेक क्लबचा फॉर्म भरू की आम्ही चौघं-पाचजण मिळून आपापलंच काहीतरी करू, आणि कोल्हापुरात राजारामपुरीत प्रोजेक्टचे क्लासपण आहेत म्हणे त्याचं काय. मी दोन्हीकडं दिवस काढलेत, दीड वर्ष क्लबात आणि पुढं पास होईपर्यंत पाच जणांच्या ग्रुपमध्ये, म्हणून त्याला जे सांगितलं तेच लिहितो.

क्लासचं आधी उरकतो. पैसे भरा, तयार प्रोजेक्ट घ्या, रिपोर्टपण बाइंडिंग करून मिळतो, आणि व्हायवात सरांनी हे टेबल असंच का केलंस विचारलं की घाम फुटतो. सगळेच क्लास तसे नसतील, पण हात चालवायला शिकायचं असेल तर तिथं पैसे घालू नये असं आपलं मला वाटतं.

आता क्लब. नावं ठेवायच्या आधी चांगलं सांगतो, कारण क्लबात मला जे मिळालं ते घरी बसून मिळालं नसतं. सिनियर मिळतात, ही सगळ्यात मोठी गोष्ट. आम्ही पुराच्या पातळीचा प्रोजेक्ट घेतला होता (कोल्हापुरात प्रत्येक बॅचमध्ये एक ग्रुप हा घेतोच, २०१९ च्या महापुरानंतर तर विचारू नका), राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आपल्याकडं शेंबड्या पोरालापण पाठ असतं, त्यामुळं विषय सोपा वाटला. साधा अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे आवाज सोडून त्याच्या पडसादावरून अंतर मोजणारा, पुलाखाली लावायचा की झालं. फायनलच्या एका दादानं एकच प्रश्न विचारला, हा सेन्सर किती लांबचं मोजतो रे? चार मीटर. म्हणजे तेरा फूट. आणि नदी उन्हाळ्यापासून पुरापर्यंत किती चढते? आम्ही सगळे गप्प. तो प्रश्न आम्हाला आमचा सुचला नसता.

दुसरं, स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या सरकारी प्रोजेक्ट स्पर्धेसारख्या ठिकाणी जायचं तर कॉलेजमार्फतच जावं लागतं, आधी कॉलेजातली फेरी, सहा जणांची टीम, त्यात किमान एक मुलगी, ही सगळी जुळवाजुळव क्लबातच होते. ते डोक्यात असेल तर फॉर्म भराच.

मग मी क्लब का सोडला? कपाटामुळं. हसू नका.

बोर्ड, सेन्सर, वायरी सगळं लॅबच्या कपाटात, किल्ली असिस्टंटकडं, आणि प्रत्येक वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेली. चार-पाचशे रुपयांचा इएसपी३२ बोर्ड (आपला प्रोग्राम चालवणारा छोटा कॉम्प्युटरच तो), पण घरी न्यायचा नाही. एवढंच असतं तरी चाललं असतं, पण संध्याकाळी पाचला सगळं मोजून परत द्यायचं, म्हणजे ब्रेडबोर्डवर (वायरी नुसत्या खोचायची भोकांची पट्टी) जोडलेलं सर्किट सोडायचं, वायरी रंगानुसार लावायच्या, सही करायची. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल संपवून साडेतीनला यायचं, परत सगळं जोडायचं, त्यात पाऊण तास, एखादी वायर चुकीच्या पिनला गेली की ती शोधण्यात अजून वीस मिनिटं, आणि काल जिथं अडलं होतं तिथवर पोचेपर्यंत असिस्टंट दारात उभे, चला आवरा. त्या माणसाची चूक नव्हती, एक जरी बोर्ड कमी भरला तर त्यांनाच जाब द्यावा लागायचा. पण दीड वर्षात आम्ही प्रोजेक्ट केला थोडा आणि सोडला-जोडला जास्त. एकदा रीडिंग अधूनमधून उड्या मारायला लागलं, अशा दोषाला सर्किट रात्रभर चालू ठेवून बघत बसावं लागतं, आणि आमचं सर्किट तर रोज पाचला मरायचं. तो दोष शेवटपर्यंत सापडला नाही. डेमोला आम्ही आधी साठवलेले आकडे दाखवले, हे आता सांगायला हरकत नाही.

नंतर उद्यमनगरात एका मित्राच्या वडिलांच्या वर्कशॉपच्या माडीवर आम्ही पाच जण जमायला लागलो. वर्गणी काढून दोन बोर्ड घेतले. नदी सोडली, वर्कशॉपची पाण्याची टाकी धरली, तिला चार मीटर मायंदाळ. पहिल्याच रात्री सर्किट तसंच टेबलावर ठेवून वर वर्तमानपत्र झाकलं आणि घरी गेलो, सकाळी येऊन बघतोय तर चालूच. त्या दिवशीचा आनंद सांगून कळणार नाही.

पण माडीवरचे तोटेपण ऐका. विचारायला कोण नाही. सेन्सरच्या इको पिनमधून, म्हणजे जिथनं त्याचं उत्तर बाहेर येतं तिथनं, पाच व्होल्ट येतात आणि बोर्डाच्या पिनला ३.३ च्या वर चालत नाही, व्होल्ट कमी करायला मधे दोन रेझिस्टर घालायचे असतात, हे आम्हाला एक बोर्ड गेल्यावर आणि तीन रविवार घालवल्यावर समजलं, क्लबातल्या त्या दादानं पाच मिनिटांत सांगितलं असतं. टाकीत वाफ धरून सेन्सर खराब झाला, मग वॉटरप्रूफ आणला, तर पाणी अगदी जवळ आलं की तो काहीही बरळतो, म्हणजे टाकी काठोकाठ भरली की नेमकं तेव्हाच, शेवटी त्याला टाकीच्या वर पाइप लावून उंच बसवला. आणि पाचातला एकजण गेट परीक्षेच्या नावाखाली गायब झाला तो झालाच.

गिटचीपण गंमत, म्हणजे सगळ्यांचा कोड बदलांसकट सांभाळणारं सॉफ्टवेअर. क्लबात कोड एकाच्या लॅपटॉपवर, फायनल, फायनल नवीन, खरंच फायनल अशा फायली. तो गडी चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेला आणि फोन बंद, दोन दिवस आम्ही बसून. माडीवर पहिल्या आठवड्यातच भांडणं झाली, एकानं दुसऱ्याचं पुसलं म्हणून, मग झक मारत सगळ्यांनी गिटमध्ये ब्रँच, म्हणजे ज्याची त्याची वेगळी प्रत, काढायला शिकलं. पुढं इंटरव्ह्यूत मला पुराच्या प्रोजेक्टबद्दल एक प्रश्न आला आणि टाकीबद्दल वीस मिनिटं बोललो. एकाच इंटरव्ह्यूचं सांगतोय, त्यावरून नियम काढू नका.

तुमच्या कॉलेजात किट घरी देत असतील, लॅब रात्री आठपर्यंत उघडी असेल, तर माझं अर्धं म्हणणं तिथंच पडतं, बिनधास्त क्लब धरा. फॉर्म भरायच्या आधी एवढंच विचारून घ्या, जोडलेलं सर्किट रात्री कुठं राहतं.

मावसभावानं विचारलं. पाचला कपाटात, म्हणाले. आता त्यानं फॉर्मपण भरलाय आणि मला पाचशे रुपये मागितलेत, बोर्डाला.