काश्मीरला निघताना जाड कपडे कशात भरावेत: व्हॅक्यूम बॅग, क्यूब की वळकटी?

माझी मावसबहीण डिसेंबरच्या अखेरीस नवरा आणि दोन मुलांबरोबर काश्मीरला निघाली आहे. परवा तिचा फोन आला, "ताई, व्हॅक्यूम बॅगा मागवू का गं? पलंगावर स्वेटर-जॅकेटांचा ढीग पडलाय आणि बॅगा दोनच न्यायच्यात." फोनवर तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. आपण पुणेकर जाड कपडे वर्षातून आठ-दहा दिवस वापरतो, एरवी ते दिवाणात नाहीतर माळ्यावर असतात. ते भरायचा हात बसलेला नसतो.

मी तिला आधी एकच विचारलं, विमानाने जाणार की रेल्वेने? सगळा निर्णय त्यावर आहे. विमानात वजन नडतं, रेल्वेत आणि पुढच्या टॅक्सीत आकार नडतो. देशातल्या विमानांत साध्या तिकिटावर साधारणपणे माणशी 15 किलो सामान आत टाकता येतं आणि 7 किलो हातात. व्हॅक्यूम बॅग म्हणजे आतली हवा काढून टाकता येणारी प्लास्टिकची पिशवी. तिने कपडे चपटे होतात, हलके होत नाहीत. हे मला मनालीच्या वेळी कळलं. आम्ही दोघंच होतो. जॅकेटं दाबून बसली, निम्मी बॅग रिकामी दिसली, म्हणून त्यात आणखी दोन जीन्स, शाल आणि भाकरवडीची पाकिटं घातली. लोहगाव विमानतळावर काट्यावर दोन बॅगा मिळून 34 किलो भरल्या. रांगेतून बाजूला होऊन फरशीवर बॅग उघडली, एक पिशवी मोकळी केली, तर आतलं जॅकेट असं फुगलं की बॅगेचं झाकण लागेना. ते जॅकेट हातावर टाकूनच निघाले. बॅग भरून झाली की घरीच हुकाचा छोटा वजनकाटा लावून बघा.

तरी व्हॅक्यूम बॅग वाईट नाही. जाड, पोकळ कपडा तिच्याइतका लहान कशातच होत नाही. तिच्यात दोन प्रकार येतात. एकाला पंप किंवा व्हॅक्यूम क्लीनर लागतो. तो प्रवासाला घेऊच नका, कारण परतीच्या दिवशी हॉटेलच्या खोलीत हवा काढायला काहीच हाताशी नसतं. दुसरी गुंडाळायची: तोंड बंद करायचं, पिशवी जमिनीवर ठेवायची आणि तोंडाकडून गुडघ्याने दाबत गुंडाळत न्यायची. खालच्या कडेला एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, त्यातून हवा सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर पडते. तोंडाची पट्टी दोनदा चिमटीत धरून फिरवा. खाचेत लोकरीचा एक धागा अडकला तरी रात्रीतून हवा आत शिरते आणि सकाळी पिशवी पुन्हा उशीसारखी दिसते. कपडे पूर्ण कोरडे हवेत. गुलमर्गच्या बर्फात भिजलेले मोजे-हातमोजे त्यात कोंबून पुण्याला आणलेत, तर कुबट वास आठवडाभर जात नाही.

आणखी एक अडचण दुकानदार सांगत नाही. हवा काढलेली पिशवी वेडीवाकडी, ताठ वीट होते. तिच्या बाजूच्या फटीत मोजासुद्धा जात नाही, म्हणजे वाचवलेली थोडी जागा तिथेच जाते. शिवाय रोज सकाळी काही काढायचं असेल तर ती रोज फोडावी लागते.

कॉम्प्रेशन क्यूब म्हणजे कापडाची चौकोनी पिशवी, दोन चेन असलेली. पहिली चेन लावून कपडे बंद करायचे, मग भोवतीची दुसरी चेन ओढली की पिशवी दबते. व्हॅक्यूम बॅगेइतकी नाही, पण थर्मल (आतून घालायचे गरम कपडे), फ्लीस (मऊ, लवदार कापडाचं हलकं जॅकेट), पातळ स्वेटर यांना तेवढं पुरतं. कापड असल्यामुळे आतल्या कपड्यांना थोडी हवा लागते, पिशवी बॅगेच्या आकाराप्रमाणे वळते आणि रोज उघड-बंद करता येते. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची दिली की "आई, माझी टोपी कुठे" हे ओरडणं बंद होतं. लहान मुलं बरोबर असतील तर माझा कौल सरळ हिलाच. फक्त जाड पफर, म्हणजे फुगीर जॅकेट, तिच्यात कोंबू नका, चेनचे दात निघतात.

वळकटीला काही विकत आणावं लागत नाही. आमच्या आजोबांकडे चामडी पट्ट्यांचा होल्डॉल होता, गादीपासून पंचापर्यंत सगळं त्यात गुंडाळून ते गाडीत चढायचे. तेच तत्त्व. थर्मल आणि जीन्स घट्ट वळून वर रबरबँड लावला की सुरकुत्या कमी पडतात आणि फटी भरतात. हाताने विणलेल्या जाड स्वेटरची मात्र सैल घडीच करा. वळला तर तो घडीपेक्षा जास्त जागा खातो.

डाउन जॅकेट, म्हणजे आत पिसं भरलेलं, असेल तर त्याला वेगळी वागणूक द्या. पिसांमध्ये अडकलेल्या हवेमुळेच ते उबदार असतं. त्यावर 600, 800 असा आकडा लिहिलेला असतो, तो एक औंस पिसं किती घन इंच जागा व्यापतात त्याचा. दोन दिवस दाबून ठेवलं तर बिघडत नाही. पोहोचल्या पोहोचल्या झटकून टांगायचं, थोड्या वेळात फुलतं. महिनोन्महिने दाबून ठेवलं तर पिसं मोडतात आणि ऊब कमी होते. लेदरचा कोट तर कशातच दाबू नये.

आणि सगळ्यात जाड वस्तू? ती अंगावर घाला. जॅकेट आणि जड बूट घालूनच विमानतळावर जायचं. अंगावरचं काही काट्यावर जात नाही, आणि दिल्लीत विमान बदलायचं असेल तर डिसेंबरच्या पहाटे जॅकेट तिथेच लागतं. झेलम एक्स्प्रेसने जाणाऱ्यांना वजनाची एवढी काळजी नाही, पण जम्मूपर्यंत दोन रात्री बॅग सीटखाली बसायला हवी आणि पुढे कटऱ्याहून वंदे भारतने श्रीनगर गाठायचं तर ती पुन्हा पुन्हा उचलायला हवी. तिथे गुंडाळायची व्हॅक्यूम बॅग खरंच कामाला येते.

बर्फात खेळायचे ओव्हरकोट आणि गमबूट इथून नेऊच नका. गुलमर्गला जाताना टंगमर्गला, मनालीहून वर जाताना रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर ते भाड्याने मिळतात. माप घालून बघा, बुटात कोरडे जाड मोजे आपले घाला. लहान मुलांच्या मापाची मात्र खात्री नसते, त्यांचे बूट घरून न्यावेत.

मावसबहिणीची मंडळी 21 डिसेंबरनंतर तिथे असतील. म्हणजे चिल्लई कलानचे, काश्मीरमधल्या कडाक्याच्या थंडीचे 40 दिवस सुरू झालेले. म्हणून कमी कपडे न्या असं मी तिला म्हटलं नाही, दोन ढोल्या स्वेटरांऐवजी पातळ थर वाढव म्हटलं: प्रत्येकाला दोन थर्मल, एक फ्लीस, वर वारा अडवणारं एक जॅकेट. थरांमध्ये हवा अडकते, म्हणून ऊब तेवढीच मिळते आणि वजन उतरतं. ती विमानाने जाते आहे, तेव्हा चौघांचे चार क्यूब, जॅकेटं अंगावर, आणि गुंडाळायची एकच व्हॅक्यूम पिशवी रिकामी बरोबर. येताना शाली आणि फिरन (काश्मिरी ढगळ अंगरखा) घेणार आहे ती, त्यांच्यासाठी.

परत आल्यावर सगळं दोन दिवस गॅलरीत सावलीत वाळवून मगच माळ्यावर जाऊ दे. लोकर व्हॅक्यूम बॅगेत ठेवलीत तर पावसाळ्याची ओल आणि कसर दोन्ही लांब राहतात. डाउन जॅकेट मात्र कपाटात हँगरलाच असू द्या.