एक ‘शिवाय’, चार इंग्रजी शब्द: ऑक्सफर्डचा लर्नर्स शब्दकोश इथे किती कामाचा?

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘एक्सेप्ट’ शोधा, मग ‘बिसाइड्स’. अनेकदा दोन्हीकडे ‘शिवाय’ किंवा ‘खेरीज’च हाती लागतं. अर्थ चुकीचा नाही, पण गोची तिथेच होते, कारण आपला ‘शिवाय’ फारच कामसू आहे. ‘रवीशिवाय कुणी आलं नाही’ इथे तो एक्सेप्ट. ‘रवीशिवाय आणखी तिघे आले’ इथे बिसाइड्स. ‘साखरेशिवाय चहा’ म्हणजे विदाउट आणि ‘सही केल्याशिवाय अर्ज घेत नाहीत’ म्हणजे अनलेस.

ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीत (वेबसाइटवर शोध मोफत आहे) बिसाइड्स, अपार्ट फ्रॉम आणि एक्सेप्ट या तिघांची तुलना करणारी छोटी चौकट आहे. शब्दकोशाच्या या भागाला पैकीच्या पैकी गुण. बिसाइड्स भर घालतो, एक्सेप्ट वजा करतो, अपार्ट फ्रॉम दोन्ही करतो, एवढंच ती सांगते. ‘बिसाइड्स फ्रेंच, शी टीचेस जर्मन’ म्हणजे ती दोन भाषा शिकवते. ‘शी टीचेस एव्हरी लँग्वेज एक्सेप्ट फ्रेंच’ म्हटलं की फ्रेंच गेली. इथे एक्सेप्टच्या जागी बिसाइड्स घातला, तर फ्रेंच पुन्हा यादीत येऊन बसते. नकारार्थी वाक्यात मात्र हा फरक विरघळतो: ‘नोबडी बिसाइड्स हिम न्यू’ आणि ‘नोबडी एक्सेप्ट हिम न्यू’ यांचा अर्थ एकच. अपार्ट फ्रॉमचा अर्थ संदर्भावर ठरतो, म्हणून नियम किंवा करार लिहिताना तो टाळलेला बरा.

चौकट तोकडी पडते ती ‘एक्सेप्ट’ आणि ‘एक्सेप्ट फॉर’ यांच्यापाशी. हा भेद तिच्यात नाहीच, आणि चुका इथे सहज होतात. ऑल, एव्हरी, एनी, नो असे शब्द आधी आले असतील तर दोन्ही चालतात: ‘एव्हरीवन केम एक्सेप्ट रवी’ किंवा ‘एक्सेप्ट फॉर रवी’. वाक्याची सुरुवातच नामाला वगळून करायची तर ‘एक्सेप्ट फॉर रवी, एव्हरीवन केम’. तिथे ‘फॉर’ गाळू नये. ‘द एसे वॉज गुड एक्सेप्ट फॉर टू मिस्टेक्स’ यातही ‘फॉर’ लागतोच, कारण चुका काही निबंधांच्या गटातून वगळलेल्या नाहीत. आधीच्या विधानाला फक्त मुरड घातली आहे. उलट पुढे इन, ऑन, व्हेन, दॅट यांपैकी काही आलं की ‘फॉर’ नको: ‘एक्सेप्ट इन द किचन’, ‘एक्सेप्ट व्हेन इट रेन्स’. आधी ‘डू’ असेल तर पुढचं क्रियापदही मूळ रूपात येतं: ‘ही डिड नथिंग एक्सेप्ट कम्प्लेन’.

‘बट’चा वगळण्याचा अर्थ त्याच्या स्वतंत्र नोंदीत शोधावा लागतो. तो मुख्यतः ऑल, एव्हरी, नो यांच्या कुळातल्या शब्दांनंतर शोभतो. ‘द लास्ट बट वन’ म्हणजे शेवटून दुसरा. ‘शेवटचा, पण एक’ असं भाषांतर हमखास होतं.

एकभाषी शब्दकोशाला ‘शिवाय’चा घोळ ठाऊक असण्याचं कारण नाही, तेव्हा ती बाजू आपणच सांभाळायची. शोधण्याआधी मराठी वाक्यातला ‘शिवाय’ काढून ‘सोडून’ ठेवून पाहा, मग ‘याच्या जोडीला’. पहिलं बसलं तर एक्सेप्टची नोंद उघडा, दुसरं बसलं तर बिसाइड्सची. टाइप करताना शेवटचा ‘एस’ विसरू नका. ‘बिसाइड’ म्हणजे शेजारी, आणि स्पेलिंग तपासणारं साधन ही चूक सहसा पकडत नाही, कारण शब्द म्हणून तोही बरोबरच आहे.