फडकं की मॉप? आधी घोटा किती वाकतो ते बघा

फरशी पुसायला उकिडवं बसून फडकं बरं की उभ्याने मॉप, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. सासूबाईंच्या मते फडक्यासारखी फरशी मॉपने निघतच नाही. कोपऱ्यांपुरतं ते खरंय. पण माझा घोटा मोडला, ६ आठवडे प्लास्टर होतं. ते निघाल्यावर फडकं घेऊन बसले आणि मुद्दा फरशीचा राहिलाच नाही.

उकिडवं बसताना टाच टेकलेली ठेवून नडगी बरीच पुढे झुकावी लागते. माझी झुकेना. टाच उचलली गेली, सगळा भार चवड्यांवर आला. तोल सावरायला मी पुढे ओणवी, कंबरेची कमान. १२ बाय १० ची खोली पुसून उठले तर घोट्याची काही तक्रार नव्हती, ठणकत होती ती कंबर. आखडलेला सांधा आपलं काम शेजाऱ्यावर ढकलतो. खुबा आखडला तरी भुर्दंड बहुतेकदा कंबरेलाच.

मॉपने वाकणं बरंच वाचतं, पण बादली जमिनीवरच असते ना! १० लिटर पाणी म्हणजे १० किलो, आणि हाताने पिळायचा मॉप असेल तर दर खेपेला वाकणं आलंच. म्हणून पायाने पेडल मारून पिळता येणारा घ्या, बादली अर्धीच भरा. खुबे आखडलेले असतील तर जागेवर उभं राहून डावीउजवीकडे वळू नका, कंबर पिळवटते. पावलं टाकत मागे सरका. फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडलेला असेल तर दांड्यावरचा वरचा हात छातीच्या खालीच ठेवा.

घोटा पुरेसा वाकतो का हे घरच्या घरी बघायचं तर भिंतीकडे तोंड करून उभं राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकला, तर घोट्याची आडकाठी नाही; गुडघे दुखत नसतील तर खुशाल फडकं घ्या. ज्यांना जमतं त्यांनी मॉप आला म्हणून उकिडवं बसणं सोडूही नये, न वापरलेला सांधा आणखी आखडतो. गुडघा बदललेल्यांनी मात्र आधी सर्जनना विचारावं.

माझा गुडघा ५ सेंटीमीटरवरच अडला, त्यामुळे मॉप आणला. पहिल्याचा दांडा छातीपर्यंतच येत होता, म्हणजे पुन्हा वाकणंच. तो परत करून हनुवटीपर्यंत येणारा घेतला. कोपरे आठवड्यातून एकदा फडक्याने, टाचांखाली लाकडी फळी सरकवून. सासूबाई तेवढ्यावर राजी आहेत.