हॉलमध्ये दोनशे एमबीपीएस, बेडरूममध्ये वीस: एक्स्टेंडर, मेश की केबल?

घरच्या वाय-फायने मोबाइलवर सगळं झरझर चालतं, पण लॅपटॉप रडतो आणि आतल्या खोलीतला टीव्ही बफरिंगमध्ये अडकतो. अशी तक्रार घेऊन दुकानात गेलं की बहुधा एक्स्टेंडर (राउटरचा सिग्नल घेऊन पुढे देणारा डबा) हातात पडतो. त्याआधी एक फुकटची चाचणी करा. मंद उपकरण राउटरपासून दोन मीटरवर आणा, बाकीची डाउनलोड थांबवा आणि स्पीड टेस्ट घ्या. तिथेही वेग मिळत नसेल तर दोष त्या उपकरणाचा किंवा सेटिंगचा आहे. मग मेशवर (एकच नेटवर्क घरभर देणारे जोडलेले वाय-फाय डबे) दहा हजार घालूनही काही बदलणार नाही.

अशा वेळी विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कचे प्रॉपर्टीज उघडून बँड (वाय-फायची लहर: २.४ की ५ गिगाहर्ट्झ) आणि लिंक स्पीड (उपकरण आणि राउटर यांच्यातला वेग) वाचा. बँड २.४ गिगाहर्ट्झ आणि लिंक ७२ दिसली, तर प्रत्यक्षात ४०-५० एमबीपीएसच्या वर जाणार नाही, प्लॅन ३०० चा असला तरी. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर बरीच उपकरणं २.४ ला चिकटून राहतात. ५ ला वेगळं नाव देऊन बघा. लॅपटॉपचं वाय-फाय कार्डच फक्त २.४ चं असेल तर हजार-दीड हजाराचा ड्युअल-बँड यूएसबी अडॅप्टर हाच सर्वांत स्वस्त उपाय. लिंक नेमकी ५४ वर अडली असेल तर राउटरची सुरक्षा (पासवर्डची पद्धत) जुन्या टीकेआयपीवर आहे का ते पाहा आणि डब्ल्यूपीए२-एईएस निवडा.

५ चं नाव मोबाइलला दिसतं पण टीव्हीला दिसतच नाही, असंही होतं. काही टीव्ही आणि जुनी उपकरणं ५२ ते ६४ किंवा १०० च्या पुढचे वाय-फाय चॅनल (बँडमधले क्रमांक दिलेले पट्टे) पकडत नाहीत. राउटरचा चॅनल ३६ ते ४८ मध्ये कुठेतरी ठेवा. अमेरिकेहून कुणी आणलेल्या लॅपटॉपचंही तसंच: २.४ मधले १२ आणि १३ चॅनल त्याला बहुधा दिसत नाहीत. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये शेजाऱ्यांची वीस-तीस नेटवर्कं सहज दिसतात, म्हणून २.४ ला १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनल आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केल्यावर आकडा मोठा दिसतो, पण एवढ्या गर्दीत वेग उलट डगमगतो. लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क खेटून असेल तर तीही २.४ च्या सिग्नलमध्ये अडथळा आणते. ती थोडी दूर सरकवा.

राउटरजवळ सुसाट आणि आत मंद असेल, तरच खरेदीचा विचार.

एक्स्टेंडर दीड ते तीन हजारांत येतो आणि बहुतेक घरांत चुकीच्या जागी लागतो: जिथे सिग्नल नाही तिथेच. त्याला मुळात चांगला सिग्नल मिळाला तरच तो पुढे देणार. मोबाइलवरच्या वाय-फाय अॅनालायझर अॅपमध्ये उणे ६० ते ६५ डीबीएम (सिग्नलची ताकद) दिसेल अशी, साधारण अर्ध्या वाटेवरची जागा शोधा. एकच बँड घेऊन त्याच बँडवर पुढे देणारा एक्स्टेंडर वेग जवळपास निम्म्यावर आणतो. भाड्याच्या घरात, एका टीव्हीसाठी किंवा दारावरच्या कॅमेऱ्यासाठी ठीक. कामाच्या व्हिडिओ कॉलसाठी नको.

मेशची जोडी पाच-सहा हजारांपासून मिळते. घरभर एकच नाव आणि खोली बदलताना मोबाइल सहसा विनातक्रार दुसऱ्या नोडवर (मेशच्या डब्यावर) जातो, हा तिचा खरा फायदा. पण स्वस्त ड्युअल-बँड मेश बिनतारी जोडली की निम्म्याचा हिशेब तिलाही लागू होतो, आणि हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीच्या काँक्रीटच्या भिंती सळ्यांनी भरलेल्या असतात. अशा दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ जेमतेम पोचतं. दुसरा नोड बेडरूमच्या कोपऱ्यात नव्हे, दारातून हॉल दिसेल असा पॅसेजमध्ये ठेवा. इंटरनेट कंपनीच्या राउटरमधलं वाय-फाय बंद करा आणि मेश अॅक्सेस पॉइंट मोडला (राउटरचं काम न करता फक्त वाय-फाय देणारा) लावा. नाहीतर दोन राउटर एकमेकांवर चढतात आणि कुठे गेम, कुठे कॅमेरा अडतो.

जमत असेल तर केबल. आमचं मत सरळ याच बाजूला आहे. हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत कॅट६ नेटवर्क केबल टाकायची आणि टोकाला जुना राउटर लावायचा. आधी तो एकटाच लॅपटॉपला जोडा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या (पत्ता आणखी कुणाला दिलेला नाही हे पाहून), डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, नाव-पासवर्ड तेच ठेवा, चॅनल वेगळा. केबल वॅनऐवजी (इंटरनेटच्या पोर्टऐवजी) लॅन पोर्टमध्ये खोचा. जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर ९४-९५ च्या आसपास थांबेल. १०० च्या प्लॅनला तेवढं पुरतं, ३०० ला गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टवालाच हवा. टीव्हीला थेट केबल दिलीत तर बऱ्याच टीव्हींचा पोर्टही १०० चाच असतो, पण ४केला २५ एमबीपीएस मिळाले तरी भागतं.

कोपरखैरणे-नेरुळच्या सिडको रो-हाऊसमध्ये राउटर तळमजल्यावर आणि झोपायच्या खोल्या वर, मध्ये स्लॅब. तिथे जिन्याच्या कडेने पट्टीतून केबल वर नेली की प्रश्न सुटतो, मेश लागतच नाही. मिवान टॉवरमध्ये भिंत फोडता येत नाही, मात्र टीव्ही किंवा टेलिफोनचा रिकामा पाइप आधीच असू शकतो. वायरमनला त्यातून ओढता येईल का ते विचारा. नसेल तर मेश. ठाण्यातल्या नौपाड्याच्या जुन्या, विटांच्या भिंतींच्या छोट्या घरात टीव्हीमागचा राउटर घराच्या मध्यावर, उंच ठेवून बघा. अनेकदा तेवढ्यावरच भागतं.

केबल घेताना पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त असते, पण वाकवताना तुटते. आणि केबलवाला घरात असतानाच गिगाबिट पोर्ट असलेला लॅपटॉप जोडून लिंक स्पीड बघा: १००० यायला हवं. १०० आलं तर त्याने बहुधा आठपैकी चारच तारा क्लिपमध्ये (केबलच्या टोकाच्या प्लगमध्ये) घातल्या आहेत. क्लिप कापून आठही तारांनी पुन्हा मारून घ्या.